चौदा फुटांचा तंबू

शनिवारी दुपारी चार वाजता दोन बहिणींच्या पडद्यांच्या दुकानात तंबू उभा करण्यात आला. तो दुकानात मावला नाही.

उभा करायला तिघं होती. तंबू शिवणारी ताई, तो शिवून मागणारी धाकटी आणि धाकटीचा नवरा. नवरा शाळेच्या बसचा ड्रायव्हर. कुठलीही मोठी वस्तू कुठल्याही अरुंद जागेत वळवता येते, यावर त्याची श्रद्धा होती. चौथी मावशी. ती स्टुलावर बसून एका पडद्याची तुरपाई करत होती आणि मागितल्याशिवाय मत देत होती. खांब म्हणून पडद्यांचेच दांडे लावले होते. कापड ताणायला म्हणून नवरा मागे सरकू लागला. कापणीच्या टेबलाला वळसा घालून, दोन मशीनांच्या मधून, शेवटी उघड्या शटरखालून तो फुटपाथवर पोचला. तरी कापडात झोळ होताच.

"अजून मागे जाऊ?" त्याने बाहेरून विचारलं.

"जा की जावईबापू," मावशी म्हणाली. "स्टॉप आला की उतरा."

ताईने गळ्यातली टेप काढून तंबूच्या तळाला लावली, वाचली आणि पुन्हा लावली.

"रुंदी किती सांगितली होतीस तू मला?"

"सात फूट."

"हे चौदा आहे."

काय झालं ते त्या दुकानातल्या माणसांना सांगावं लागत नव्हतं. खिडकी सात फुटांची असली की पडद्याला चौदा फूट कापड लागतं, तेव्हा कुठे चुण्या नीट पडतात. ताईची हयात या हिशोबात गेली होती. सात ऐकलं की तिच्या कात्रीला चौदाच दिसायचे. चुण्या घालायच्या नाहीत, एवढं तिला शिवताना आठवलं. कापताना आठवलं नव्हतं. आणि छत्रीच्या कापडाचा ढीग मांडीवर घेऊन बसलं की शिवणीपलीकडचं काही दिसत नाही.

"आणि ही खाली झालर कशाला?" धाकटीने विचारलं.

ताईने खाली पाहिलं. तंबूच्या चारही कडांना चार बोटं रुंदीची झालर होती.

"लागून गेली," ती म्हणाली.

यावर मावशी इतकी हसली की तिला सुई खाली ठेवावी लागली.

हा सगळा खटाटोप धाकटीचा. गेल्या उन्हाळ्यात ती समुद्रावर लाटेवरची फळी चालवायला शिकली. शिकली म्हणजे पडायला शिकली. तीनदा उभी राहिली, आणि तिसऱ्या वेळी किनाऱ्यावरच्या अनोळखी माणसाने टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच भूत. दुकानाच्या मालवाहू गाडीत दोन फळ्या, तंबू आणि प्यायचं पाणी टाकायचं आणि उत्तरेच्या ओसाड किनाऱ्याने वर वर जायचं. तिथे रस्ता खडीचा, पेट्रोल पंप दिवसाकाठी एखादा, आणि मैलोन् मैल वाळूवर आपल्याशिवाय पाऊल नाही. फळ्या जुन्या मिळाल्या होत्या आणि आठवडाभर दुकानातच उभ्या होत्या. मावशीने त्यातली एक इस्त्रीचं टेबल समजून वापरूनही पाहिली. पाय घसरू नये म्हणून फळीला मेण चोळलेलं असतं. ते एका गिऱ्हाइकाच्या अस्तराला लागलं आणि मावशीने आळ फळीवर घातला.

नकाशा कापणीच्या टेबलावर पसरलेला होता आणि मुक्कामाच्या जागी लाल डोक्याच्या टाचण्या होत्या. पहिल्या दोन मुक्कामांवर धाकटीने वाद होऊ दिला होता. तिसऱ्यावर नाही. तिसरा मुक्काम एका लहानशा खाडीत होता. तिथे लाट लहान, नवशिक्याला बरी, असं ती सगळ्यांना सांगत होती. खरं कारण फक्त नवऱ्याला माहीत होतं. त्याला दूरच्या शहरात डेपोप्रमुखाची जागा मिळाली होती आणि पाऊस संपला की बिऱ्हाड हलणार होतं. वडील गेल्यापासून दोन्ही बहिणी खांद्याला खांदा लावून त्याच दोन मशीनांवर बसत आल्या होत्या. ही बातमी ताईला मशीनच्या खडखडाटात, गिऱ्हाइकासमोर सांगायची नाही, समुद्रासमोर दोघीच असताना सांगायची, असं धाकटीने ठरवलं होतं. म्हणून सहल दोघींचीच हवी होती.

"मग प्रश्नच मिटला," मावशी म्हणाली. "एवढ्या महालात तुम्ही दोघी एकमेकींना सापडणार नाही. मी येते."

"मावशी, तिथे जमिनीवर झोपायचं असतं."

"मी काय झाडावर झोपते?"

"आणि गाडी जावईबापू चालवतील," ताई म्हणाली. चूक उपयोगी पडतेय हे बघून तिचा चेहरा खुलला होता. "शाळांना सुट्टी आहे, बसही उभीच आहे. चौघं जाऊ. तंबूत मध्ये एक पडदा लावते, दोन खोल्या होतील."

"चुण्यांचा?" नवऱ्याने विचारलं, मग बायकोकडे बघितलं आणि घाईने म्हणाला, "नाही, मला जमायचं नाही. मला जरा... गाडीचं... म्हणजे बसचं काम आहे."

"बस तर उभीच आहे ना?" ताईने विचारलं.

"उभी आहे तेच काम आहे."

नवऱ्याला खोटं बोलता येत नाही, हे लग्न ठरवतानाच ताईने हेरलं होतं आणि तेव्हा ते गुणांत धरलं होतं. ती धाकटीकडे वळली.

"काय चाललंय तुमचं?"

"काही नाही. दोघीच जाऊ ना, ताई."

"का पण? मावशी काय चावते का तुला?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

धाकटीने एकदा नकाशाकडे पाहिलं. मग कड उचलून ती तंबूत शिरली आणि आतून म्हणाली, "आत ये."

आत ट्यूबलाइटचा उजेड निळ्या कापडातून गाळून येत होता. कापणीच्या टेबलाचा एक पायही तंबूतच आला होता. दोघी त्याला टेकून फरशीवर बसल्या. धाकटीने आडवळण न घेता सांगितलं. गाव, नवऱ्याची जागा, कधी निघायचं. बाहेर मावशीची सुई थांबली, हे दोघींनाही कळलं.

ताईने झालरीची कड बोटांत धरली.

"तुझं मशीन नेणार?"

"तू म्हणशील तसं."

"तिथल्या घरांना खिडक्या आहेत ना?"

"असतील की."

"मग ने. नवं घेऊ नकोस. ते तुझ्या पायाला सरावलंय." थोडं थांबून ती म्हणाली, "आणि हे तू मला तिकडे वाळूत बसवून सांगणार होतीस? परत यायला दोन दिवस लागतात तिथून. रडले असते तर गाडी कोणी चालवली असती?"

"मी."

"तुला रिव्हर्स येत नाही."

धाकटीला हसू आलं. ताईला आलं की नाही, ते निळ्या उजेडात नीट दिसलं नाही. ताई उठली, बाहेर आली आणि ड्रॉवरमधून ब्लेड घेतलं. दांडे काढायला लावले, कापड मशीनवर ओढून घेतलं आणि आधी झालर उसवून बाजूला टाकली. मग मधली मोठी शिवण धरली.

"सातचा करतेस?" मावशीने विचारलं.

ताईने ब्लेड शिवणीत घातलं.

"का कापड परत ठेवतेस?"

"मावशी, तुझा पडदा सोमवारी द्यायचाय."

मावशीने सुई उचलली. नवरा दांडे मोजून जागेवर ठेवू लागला, मोजायची गरज नव्हती तरी. धाकटी ताईच्या समोर बसली आणि शिवणीचं दुसरं टोक ताणून धरलं, कारण दुसऱ्याने ताणून धरलं की उसवणं भराभर होतं. ताईने ते धरू दिलं.

साडेसहाला शटर अर्धं खाली आलं. तोवर मधली शिवण निम्मी उसवून झाली होती. नकाशा टेबलावर होता, टाचण्यांसकट, आणि ताईने तो गुंडाळला नव्हता.