दुहेरी नळी

आष्ट्यातल्या शेवयांच्या कारखान्यात नूरजहांबींचा शब्द कोणी मोडल्याचे कोणाला स्मरत नव्हते. म्हणून, ऐन रमजानातल्या एका सकाळी त्यांची इंजिनिअर नात रुक्सार हिने नव्या सौर बंबाच्या कॉकला कुलूप घातले, तेव्हा मिस्त्री ज्ञानू हळूच दाराकडे सरकला.

"उघड ते," नूरजहांबी म्हणाल्या. "सांगलीला ईदचा माल द्यायचा आहे. जुन्या बंबावर निम्माच निघतो."

"नाही उघडणार, दादी. मी आराखड्यात दुहेरी नळी दाखवली होती. ज्ञानूमामांनी एकेरी बसवली."

"आवं आजी, दुहेरी ईदनंतर येतीया," ज्ञानू म्हणाला. "अन् पाणी तापल्याशी कारण. शेवई काय नळ्या मोजती व्हय?"

रुक्सार हसली नाही. छपरावर तापणाऱ्या पाण्यात गंज धरू नये म्हणून औषध घातलेले होते. ते पाणी टाकीतल्या नळीच्या वेटोळ्यातून फिरून, पीठ मळायच्या पाण्याला बाहेरूनच ऊब देत असे.

"एकेरी नळीला छिद्र पडले, तर औषध थेट पिठात," ती म्हणाली. "दुहेरी असली, तर गळती मधल्या फटीतून बाहेर फरशीवर टपकते. येणाऱ्या-जाणाऱ्यालाही दिसते."

"माझ्या जिभेला कळेल." ही बढाई नव्हती. पीठ भिजवण्यापूर्वी त्या रोज स्वतः पाणी चाखत, आणि चवीत तिळाएवढा फरक वाटला तरी काम थांबवत.

"आज चाखाल?"

पाणी चाखायला पुढे केलेला हात नूरजहांबींनी मागे घेतला. रोजा होता. वर्षातला सर्वांत मोठा माल ज्या महिन्यात निघे, त्याच महिन्यात त्यांची जीभ दिवसभर बंद असे. इतक्या वर्षांत त्यांच्या ध्यानात न आलेली ही गोष्ट या पोरीने कागदावर रेघ ओढण्यापूर्वीच हेरली होती.

त्यांनी नातीकडे निरखून पाहिले. आवाज न चढवता आणि मान न झुकवता आपल्यासमोर उभे राहिलेले माणूस त्या प्रथमच पाहत होत्या. ते आपल्याच रक्ताचे आहे, या जाणिवेने त्यांचा ऊर भरून आला.

"ज्ञानू, जुना बंब पेटव."

मग त्यांनी सांगलीच्या व्यापाऱ्याला फोन लावला. "विष्णुपंत, या ईदला निम्माच माल मिळेल." पलीकडची सारी कुरकुर त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. "माझ्याशी वाद घालून उपयोग नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या रुक्सारची परवानगी नाही."