खिसेरावाचा उजवा हात

पायलच्या व्यंगचित्रांतला खिसेराव दर रविवारी सकाळी फोनवर अवतरायचा आणि जेवणाच्या वेळेपर्यंत अमरावती-अकोल्यात घरोघर पोचायचा. चार चौकटी आणि त्यात एक उंच, वाळका म्हातारा. हा बसमध्ये खिडकीसाठी भांडायचा, वांगी घेताना वांग्यांनाच नावं ठेवायचा, डॉक्टरला त्याच्याच तब्येतीची काळजी घ्यायला सांगून यायचा. आणि काही झालं तरी उजवा हात खिशात. भांडण डाव्या हाताने, चहा डाव्या हाताने, पावसात छत्रीही डाव्या हाताने. खिशात आहे तरी काय, यावर वाचकांत चढाओढ लागायची. कुणी म्हणे सुपारी, कुणी म्हणे जुनं प्रेमपत्र. एका बाईंनी तर खिशात उंदीर असल्याचं छातीठोकपणे कळवलं होतं.

खिसेराव म्हणजे पायलचे बाबा, देवानंद, हे तेल्हाऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यांनी तीस वर्षं जिनिंग फॅक्टरीत कापसात घालवली. पायलच्या जन्माआधीच तिथल्या यंत्रात उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. पायलबरोबर घराबाहेर पडले की ते हात खिशात घालत. बाबांना लोकांसमोर तो हात दाखवायला संकोच वाटतो, असं तिने कधीच ठरवून टाकलं होतं. म्हणून चित्रातही तिने तो कधी बाहेर काढला नाही. आपण बाबांची लाज राखतो, याचं तिला मनातून बरंच वाटायचं. माणूस स्वतःवर खूश असला की त्याला समोरचं दिसत नाही, मग तो चित्रकार का असेना.

अमरावतीच्या राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वरच्या खोलीत ती दहा वर्षं राहत होती. सकाळी मुलांना चित्रकलेच्या परीक्षांसाठी शिकवायचं, लग्नसराईत पत्रिकांवर नवरा-नवरीची गमतीदार चित्रं काढून द्यायची, नवरीचं नाक मामांच्या सांगण्यावरून तीनदा बारीक करायचं आणि उरलेल्या वेळात खिसेराव. खालून पाढ्यांसारखी पाठ होणारी रसायनशास्त्राची सूत्रं तिलाही येऊ लागली होती. आणि आता अकोल्याचे प्रकाशक गजेंद्रभाऊ खिसेरावाचं पुस्तक काढणार होते. त्यांचं म्हणणं एकच होतं, शेवटच्या पानावर खिसा उघडा.

पायलने उघडला. खिशातून निघाल्या लेकीसाठी आणलेल्या लिमलेटच्या गोळ्या. गजेंद्रभाऊंचा फोनवर आवाज भरून आला. पायललाही पान आवडलं होतं, पण बाबांना विचारल्याशिवाय ते छापायचं नाही, असं तिने ठरवलं. फोनवरची चित्रं आठवड्यात विरून जातात, पुस्तक मात्र घरात राहतं. बाबा नाही म्हणाले, तर दहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते पुस्तक होणार नव्हतं.

अकोल्याला तिला आधीची बस मिळाली आणि ती तेल्हाऱ्याला तासभर लवकर पोचली. बाबा स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर चार मित्रांत बसले होते. काहीतरी रंगात येऊन सांगत होते आणि सांगताना त्यांचा उजवा हात हवेत फिरत होता. त्याच हातात चहाचा ग्लास होता. त्याच हाताने त्यांनी शेजारच्याच्या पाठीवर थाप मारली. पायल बसच्या खिडकीतून पाहतच राहिली. मग ती खाली उतरली, बाबांनी तिला पाहिलं, आणि हात खिशात गेला. डाव्या हाताने त्यांनी तिची बॅग घेतली.

जेवणं झाल्यावर बाबांनी चष्मा लावला आणि पंख्याखाली पुस्तकाची सगळी पानं वाचायला घेतली. दोनदा हसले. डॉक्टरच्या चित्रावर म्हणाले, "हा डॉक्टर असाच आहे." शेवटच्या पानापाशी मात्र थांबले.

"ह्या गोळ्या कोठून आल्या?"

"बाबा, ते गोष्टीसाठी आहे."

"म्या तं कधी आणल्या नाई. तुले मुंगफल्ली आवडे."

"मंग काय काढू?" पायलला वाटलं नव्हतं एवढा तिचा आवाज चढला. "तुमाले लोकायसमोर हात दाखवाची लाज वाटते, असं काढू?"

"मले?" बाबांनी चष्मा काढला. "मले कायची लाज? सारा गाव पाह्यते हा हात."

"मंग माह्यासंगं निघाले का खिशात काहून घालता?"

आत माय भांडी घासत होती. तिचा हात थांबला.

"तूच म्हणली होती," बाबा म्हणाले. "अकोल्याले. तू दुसरीत होती. चित्रकलेचं बक्षीस भेटलं होतं तुले. मायबापालेबी फोटोसाठी स्टेजवर बलावलं, तुही माय घरीच होती. पायऱ्या चढतानी तू म्हणली, बाबा, हात खिशात ठेवा न, पोरी पाहून राहिल्या. मले वाटलं, पोरीचा दिवस आहे. ठेवला. मंग तुह्यासंगं बाहेर निघालो का ठेवत गेलो. सवय पडली."

आवाजात तक्रार नव्हती. बसच्या वेळा सांगाव्यात तसं त्यांनी सांगितलं.

पायलला ते बक्षीस आठवत होतं. रंगांची पेटी, तिच्यावरची हिरवी फीत, तिचा वाससुद्धा. हे वाक्य तेवढं आठवत नव्हतं. आणि मग आठवलं, पायऱ्यांसकट. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोवीस वर्षं हा माणूस तिचं एक वाक्य पाळत होता, आणि तिने त्याच्यावर लोकांना हसवून नाव कमावलं होतं.

"पुस्तक राहू द्या बाबा. नाई छापत मी."

"काहून? दहा वर्षं झक मारली का अमरावतीले? गोळ्या काढून टाक अन् जे झालं ते काढ."

माय ओले हात पदराला पुसत दारात आली. "काढ," ती म्हणाली. "मलेबी आजच कळलं हे."

पायलने कोरा कागद काढला. "हात द्या," ती म्हणाली. बाबांनी उजवा हात टेबलावर ठेवला. इतक्या वर्षांत तिने तो नीट पाहिलाच नव्हता. जाड अंगठा, त्याचं रुंद नख, दोन बोटं, आणि पुढे गुळगुळीत, चकाकणारी कातडी. हात काढायला अवघड असतात, असं ती मुलांना सांगायची. हा अवघड गेला नाही. बाबा अर्धा तास न हलता बसले आणि तेवढ्या वेळात गावातल्या तिघांची लग्नं आणि एकाचं ऑपरेशन सांगून झालं.

मग तिने अकोल्याच्या पायऱ्या काढल्या. वर चढणारे बाबा, खिशाकडे निघालेला हात, आणि शेजारी ती मुलगी. नाक मुरडलेली, डोळे बारीक केलेली, कुणालाही पाहताक्षणी राग यावा अशी.

बाबांनी पुन्हा चष्मा लावला. "हे कोण?"

"मी."

"हे तू नोय."

"अशीच होती मी."

"म्या पाह्यली तुले, तू नाई पाह्यली," बाबा म्हणाले. "समोरचे दोन दात पडले होते. एवढे लोक पाहून भेली होती तू, तरी हासून राहिली होती. खोड हे."

पायलने रबर घेतलं. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू लागला, तसा बाबांनी उजवा हात त्यावर दाबून धरला. त्या हाताला धक्का लागू न देता ती मुलीचा चेहरा खोडत गेली.

"दात पडलेले दिसले पाह्यजे," ते म्हणाले.