करिंथचा आठवा खांब

मी एक जुना खांब आहे. नाही, चुकलो. मी एक नवा खांब आहे आणि मला जुने दिसण्याचे काम दिले आहे. मित्रांनो, माझा गोंधळ असा जन्मापासूनचाच आहे. तुम्ही तो सोडवून दिलात तर बरे होईल.

माझा जन्म बहरैनमधल्या सनद गावातल्या एका कारखान्यात झाला. तिथे प्रदर्शनांसाठी देखावे बनवतात. माझ्या पोटात थर्माकोल आहे आणि वर प्लास्टर. तिथल्याच सीफ भागातल्या एका मॉलमध्ये ग्रीस देशातल्या करिंथ नावाच्या प्राचीन नगराचे प्रदर्शन भरणार होते. त्या नगरात एका देवळाचे अडतीस खांब होते, एकेक खांब एकाच दगडातून घडवलेला. आज त्यातले सातच उभे आहेत. म्हणून कारखान्यात सात उभे खांब बनवले आणि आठवा, म्हणजे मी, पडझड दाखवण्यासाठी.

मला घडवले दत्तप्रसादने. तो कुडाळचा. त्याच्या घरी तीन पिढ्या गणपतीच्या मूर्ती घडवतात. बहरैनमध्ये येऊन त्याला दोनच महिने झाले होते आणि तिसरा महिना संपताना तो कामावर राहणार की परत जाणार, हे ठरायचे होते. ते ठरवणाऱ्या कागदावर सही करणार होत्या अदीबा मॅडम. त्या मूळच्या हैदराबादच्या, आणि सगळा देखावा त्यांच्याच डोक्यातून निघालेला.

दत्तप्रसादने माझ्या अंगावरच्या उभ्या खाचा इतक्या सुबक काढल्या की मी मनातल्या मनात फुगलो. पण गुरुवारी तो दुसरीकडे सामान पोचवायला गेला असताना सुजीत आला. सुजीत नागपूरचा, कारखान्यातला टेक्निशियन. त्याने नकाशा पाहिला, करवत घेतली आणि माझा वरचा भाग उडवला. मग छिन्नीने अंगावर एक लांब भेगही पाडली. मी काय गुन्हा केला, ते मला कळेना. सुजीत मात्र दोन पावले मागे जाऊन मला न्याहाळत म्हणाला, "एक नंबर!"

शुक्रवारी सगळ्यांना सुट्टी. दत्तप्रसाद एकटाच रंगाचे डबे लावून ठेवायला आला आणि मला पाहून डबे तिथेच टाकून धावत आला. त्याला वाटले, आपण खांबाला दोर सैल बांधला म्हणून तो पडून मोडला. आता नोकरी गेलीच. शिवाय त्याच्या घरची रीत अशी की खंडित वस्तू उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही. त्याने कोणाला फोनसुद्धा केला नाही. दिवसभर तो माझी भेग बुजवत राहिला. वरची तुटकी कड भरून त्याने गोल, गुळगुळीत केली आणि पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. इतके प्रेम माझ्यावर कोणी केले नव्हते. मी पुन्हा फुगलो. बुटका झालो होतो, पण अगदी राजबिंडा.

शनिवारी सकाळी अदीबा मॅडम आल्या आणि किंचाळल्याच.

"या अल्ला! ये क्या कर दिए? टूटा हुआ ही तो चाहिए था मेरे को!"

दत्तप्रसादचा चेहरा उतरला. सुजीत मधे पडला. "मॅडम, मेरी गलती है. मैंने इसको बताया नहीं. मैं तोड़ देता हूँ."

"नहीं. जिसने भरा, वही खोलेगा," मॅडम म्हणाल्या. "परसों ओपनिंग है. चार बजे आऊँगी. ठीक निकला तो साइन, नहीं तो खलास."

मग त्यांना त्याची थोडी दया आली असावी. त्या फळीवर टेकल्या आणि सांगू लागल्या. करिंथ दोन समुद्रांच्या मधले श्रीमंत नगर होते. एकवीसशे वर्षांहून अधिक काळ झाला, रोमच्या सैन्याने ते जाळले. पुरुषांना मारले, बायकामुलांना गुलाम म्हणून विकले. पुढे सुमारे शंभर वर्षे ते जवळजवळ ओसाड होते.

दत्तप्रसादने विचारले, "फिर लोग आके रिपेअर क्यों नहीं किया, मॅडम?"

"करने वाले बचे ही नहीं, भाई."

मॅडम गेल्या. दत्तप्रसादने हातोडा उचलला, खाली ठेवला, परत उचलला. दुपार उलटली तरी हात काही पडेना. सुजीत म्हणाला, "अरे, थर्माकोल आहे तो. चार वाजायला आले!" दत्तप्रसादने डब्यातला घासभर दहीभात माझ्या पायाशी ठेवला आणि, विसर्जनाआधी मूर्ती हलवतात तसे, मला बोटभर जागचे हलवले. "काय चुकला-माकला तर सांभाळून घे," असे म्हणून त्याने हात जोडले. सुजीत अशा गोष्टी मानत नाही. पण त्याने चालू असलेले मशीन बंद केले.

मग घाव पडला.

दुखले का, ते मला सांगता येत नाही. एवढे खरे की ही मोड करवतीच्या मोडीसारखी सरळ नव्हती. चार वाजता अदीबा मॅडमनी माझ्या तुटक्या कडेवरून हात फिरवला, बराच वेळ फिरवला, आणि पर्समधून पेन काढून कागदावर सही केली.

सोमवारी मी मॉलमध्ये उभा राहिलो. लोक माझ्याच शेजारी फोटो काढत होते. मला कळेना की धड होतो तेव्हा मॅडम रागावल्या, मग आता मोडल्यावर हे लोक खूश कसे झाले.

शुक्रवारी दत्तप्रसाद आला. त्याने कुडाळला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्याकडे वळवला.

"आये, ह्यो बघ, मी केलेलो खांब."

फोनमधली म्हातारी डोळे बारीक करून बघत राहिली. "बरो आसा रे. पण वरसून मोडलो कसो? तुका खय लागला नाय मा?"

"नाय गे," दत्तप्रसाद म्हणाला. "माका कामावर ठेवल्यानी."

मित्रांनो, त्या आठवड्यात शेकडो माणसांनी मला पाहिले. मी किती उंच, किती जुना, खरा की खोटा, हे सगळ्यांनी विचारले. लागले का, हा प्रश्न मात्र त्या म्हातारीने एकटीनेच विचारला. तुम्ही कधी पडकी जागा पाहायला गेलात, तर तिथल्या दगडांवर नावे कोरू नका आणि नुसते खांब मोजून परतही येऊ नका. हे पडले तेव्हा कोणाला लागले होते का, तेवढे जरूर विचारा.