पांढरा दिवस

चादरी परदेशी पाठवणाऱ्या कंपनीत प्राजक्ता खरेदी बघायची. तीन वर्षांपूर्वी कंपनीने ठरवलं, खाडीत घाण पाणी सोडणाऱ्या डाइंग मिलचं, म्हणजे रंगाईच्या कारखान्याचं, कापड घ्यायचं नाही. कापड महाग पडलं, बाजार हसला. मग ऑर्डरी दुप्पट झाल्या आणि हसणारेच कंपनीच्या पुरवठादारांच्या यादीत नाव लावायला रांगेत उभे राहिले.

त्या रांगेत हसमुखभाई होते.

त्यांच्या मिलमध्ये तिचे वडील, धुडकू, बावीस वर्षं उघड्या हातांनी रंग कालवत होते. आठ महिन्यांपूर्वी फुप्फुसं गेली आणि ते गेले. "बीडी पीत असेल," एवढंच हसमुखभाई म्हणाले होते. धुडकूंनी उभ्या जन्मात बीडी ओढली नव्हती.

आज ती त्यांची मिल तपासायला आली होती आणि हसमुखभाई तिला ओळखत नव्हते. "बघा बेन, आमचं पाणी!" त्यांनी स्वतः गटारावरची जाळी उचलली. खाली नितळ पाणी वाहत होतं.

"छान आहे," प्राजक्ता म्हणाली. "आज कोणता रंग चालू आहे?"

"आज... सफेद."

वडील घरी हसून सांगायचे, तपासणीची तारीख आली की मिलमध्ये पांढरा दिवस असतो. पांढऱ्या कापडाला रंग नाही, मग गटाराला कुठून येणार!

"आम्हाला नेव्ही ब्लू हवाय. एक घाणा रंगवून दाखवा."

"तीन-चार तास जातील, बेन."

"मी डबा आणलाय."

मशीनवर भगवानकाका होते, वडिलांचे जोडीदार, लिंबायत वस्तीत त्यांच्याच गल्लीत राहणारे. शेठ त्यांच्या कानाशी लागले, "हलका रखना."

"शेठ, हलका मेरे को जमता नहीं!" भगवानकाका साऱ्या खात्याला ऐकू जाईल असं ओरडले.

दुपारी गटार निळंशार झालं. प्राजक्ताने बाटली भरली, झाकण घट्ट लावलं, चिठ्ठीवर शेठची सही घेतली. त्यांनी सही दोनदा खोडून पुन्हा केली. ते तिला बघायचं होतं. तिने डोळे भरून बघितलं.

"सफेद दिवसाचं तुम्हाला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"धुडकूंनी. मी त्यांची मुलगी."

हसमुखभाईंचा चेहरा उतरला. "बेन, मेलेल्या माणसाचा राग धंद्यावर काढू नका. इथं दोनशे चुली आहेत."

"पाणी निळं आहे, शेठ. राग नसता तरी निळंच असतं." आणि राग होता, हे तिने लपवलं नाही.

फाटकापर्यंत भगवानकाका आले आणि रोजीच्या काळजीने गावच्या अहिराणीत म्हणाले, "पोरी, शेठनं वाटोळं व्हवाले जोयजेच व्हतं. पन आते आम्हनं काय?"

"यांना मिळणार होती ती ऑर्डर आता कामरेजच्या, पाणी साफ करून सोडणाऱ्या मिलला जाईल, काका. त्यांना माणसं लागणार. उद्या सकाळी जा, माझं नाव सांगा. आणि एकटे जाऊ नका."

"किती जनले लयी जाऊ?"

प्राजक्ताने मागे वळून पाहिलं. शेठ अजून गटारापाशीच उभे होते.

"येतील तेवढे सगळे," ती म्हणाली.