चिरलेला टायर

माझ्या दुकानात येणारं नवीन गिऱ्हाईक आधी एकच विचारतं, "मालक कुठायत?" मी म्हणते, "तुमच्यासमोर उभी आहे. दिसून न्हाई राह्यलं का?" भोकरदनमधी, जालना रोडला, वीस वर्षं झाली मी टायर खोलून राह्यले, तरी लोकांना मालक पाहिजेच. आमच्या घरचे मालक जीप चालवतात, भोकरदन ते जालना. टायरमधलं त्यांना फक्त पंक्चर झालेलं कळतं, ते बी प्रवाशानं सांगितलं तर.

मला हे काम शिकवलं माझ्या सासऱ्यानं, कडूबामामांनी. त्यांचे दोन कायदे होते. पहिला, टायर हातात घेतला की आधी त्याच्या बाजूचे बारीक चार आकडे वाचायचे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. गोदामात सहा वर्षं पडलेल्या टायरला बी काळं पॉलिश मारून नवं करतात लोक, पण ते चार आकडे काही पुसता येत न्हाईत. दुसरा कायदा, बाद झालेला टायर उतरवला की त्याची बाजू सुरीनं चिरायची. एकदा आमच्या दुकानामागं टाकलेला टायर कोणीतरी उचलून नेल्ता, बसवल्ता, आन् सिल्लोड रोडला तो फुटला. माणूस वाचला, पण मामा आठ दिवस बराबर जेवले न्हाईत. तवापासून सुरी भिंतीला टांगलेली आहे.

ह्या उन्हाळ्यात रोड रुंद करायला माप आल्तं. माझ्या दुकानाच्या पत्र्यावर लाल फुली मारून गेले. दिवाळीपर्यंत उठायचं. भोकरदनमधी रोडला जागा मागायला गेले तर एकेकाची तोंडं अशी वाकडी, जशी मी त्यांची किडनी मागून राह्यले. आन् टायरचं दुकान काय गल्लीत चालतं का? रोड सुटला की धंदा मेला. वीस वर्षांचं माझं मोडून मी काय घरात बसून शेंगा फोडू?

मंग मला माहेर आठवलं. केदारखेडा. रोडला लागूनच आमच्या बापाचा एक तुकडा आहे, बाभळी उगवलेला, कोणी पेरत बी न्हाई. भावाला म्हणलं, "सोमा, त्यातले दोन गुंठे मला दे, दुकान टाकते."

तो म्हणाला, "आक्का, त्यात मागायचं काय? देतो की."

दोन महिने मी त्या 'देतो की'वर जगले.

सोमेश्वर माझा एकुलता भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. त्याला कडेवर घेऊन मी शाळेत जायचे, मास्तर म्हणायचे, दोघांची हजेरी लावू का? बाप गेला त्या सालची, सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. राखीला गेल्ते, दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, चल, रजिस्ट्री ऑफिसला जाऊन येऊ, हक्कसोड करून टाकू. आमच्याकडं बहिणी करतातच. साडीचोळी घ्यायची, सही करायची, आन् माहेर उघडं ठेवायचं. रायटर पानं उलटत होता, "इथं, इथं, आन् इथं." मी केल्या. वाचलं न्हाई. भावानं ताटात टाकलेली ओवाळणी कोणी त्याच्यासमोर मोजतं का? तसंच ते. टायरचे आकडे वाचल्याशिवाय पंप न लावणारी बाई मी, बापाची सगळी जमीन न वाचता देऊन आले. साडी आंब्याच्या रंगाची होती. दुसऱ्या धुण्यात उतरली.

त्यातली निम्मी जमीन पुढं दुसऱ्या रोडात गेली, आन् त्या पैशातून सोमानं मोटरसायकल घेतली. साडेसहाशे सीसीची, चार सिलिंडरची, वाऱ्याला आडवी काच, मागं दोन बाजूला पेट्या. लांब पल्ल्याला पळायला बनवलेली. केदारखेड्यात ती उभी राह्यली की म्हशी बी वळून बघायच्या.

जुलैत एक दिवस ती गाडी माझ्या दुकानासमोर थांबली. सोमा हेल्मेट काढत म्हणाला, "आक्का, टायर बघ ना. आम्ही चौघं गोव्याला निघालो, आंबोली घाटातून."

मी खाली बसले. मागचा टायर मधातून सपाट, चौकोनी पडलेला. आपले रोड सरळ, गाडी कधी आडवी झालीच न्हाई. मधलं रबर संपलं, बाजूचं तसंच. पुढच्याची नक्षी एका अंगानं खाल्लेली.

"ह्या टायरवर घाटात जाशील, ते बी पावसात?" मी म्हणलं. "वळणावर गाडी आडवी केली ना, तर ह्या सपाटीच्या कडेवरून अशी सटकन जाईल. डोकं कुठं ठेवून आला रे?"

"म्हणूनच तर आलो. मागचा तेवढा बदलून टाक. आन् एकशेनव्वदचा टाक, रुंद. भारी दिसतो."

"चेनच्या कव्हरावर काय लिहिलंय? एकशेऐंशी. मंग एकशेऐंशीच. गाडीला काय लग्नात मिरवायची आहे? आन् एकटा मागचा न्हाई, दोन्ही बदलायचे, एका जातीचे. पुढचा जुना, मागचा नवा, म्हणजे दोन बैल दोन दिशेला."

तो हसला. त्याला हसताना बघितलं की माझं काळीज अजून बी पघळायचं, खोटं कशाला बोलू.

मी त्याला समजावलं. एक जात मऊ रबराची, रेसवाल्यांची. चिकटते जबर, पण पाच-सहा हजार किलोमीटरमधी संपते. दुसरी टणक, वर्षानुवर्षं जाती, पण ओल्या वळणावर भरवसा न्हाई. तिसरी मधली. मधात टणक रबर, बाजूला मऊ, आन् पाणी फेकायला खोल नाल्या. सरळ रोडला झिजत न्हाई, वळणावर सोडत न्हाई. "तुझ्या गाडीला हीच," मी म्हणलं.

"तू सांगशील ते, आक्का."

जालन्यात ह्या मापाचे मिळत न्हाईत. मी संभाजीनगरच्या व्यापाऱ्याला फोन लावला आन् दोन्ही टायरचे चार-चार आकडे फोनवर वाचून घेतले. पहिली जोडी दोन साल जुनी निघाली. नको म्हणलं. दुसरी तीन महिन्यांची होती, ती ठेवायला लावली. सोमा तोवर उभ्यानं चहा प्याला. जाताना म्हणाला, "शुक्रवारी येतो. येताना तुझ्या जागेचे कागद बी घेऊन येतो. सही केली की झालं."

त्या रात्री मी आमच्या घरच्यांना म्हणलं, बघा, माझा भाऊ. ते म्हणाले, "जागा ताब्यात येऊ दे, मंग नाच." मी चिडले त्यांच्यावर. दोन दिवस बोलले न्हाई.

शुक्रवारी सोमा दुपारी आला. मी गाडी स्टँडवर घेतली, दोन्ही चाकं काढली, जुने टायर उतरवून भिंतीला लावले. आता चाकं नसलेली ती गाडी नुसता सांगाडा. नवा मागचा टायर मी रिमवर चढवत होते, बाजूचा बाण बघून, कारण ते उलटे बसले तर पाणी फेकायच्या जागी आत ओढतात. तेवढ्यात सोमानं मशीनवर कागद ठेवले.

"आक्का, जल्दी सही कर. दोन वाजता रायटर उठतो, मंग सोमवारशिवाय काम न्हाई. रजिस्ट्रीला तुला बी यावं लागेल, पण आधी ह्या सह्या करून घे म्हणला तो."

माझे हात काळे. मी रॉकेलच्या फडक्याला पुसले आन् चष्मा शोधायला लागले.

"चष्मा कशाला? तुझ्याच जागेचे कागद आहेत. भावाचा कागद वाचती का तू आता?"

तो सहज म्हणला असंल. पण मला त्या रायटरची पानं आठवली. इथं, इथं, आन् इथं. मी म्हणलं, "मागच्या बारीला वाचला न्हाई, ह्या बारीला वाचते. टायर म्हणून वाचते असं समज."

बारीक अक्षर होतं. मी बोट ठेवून वाचलं. लिहून घेणार, सोमेश्वर आबाराव. लिहून देणार, वंदना, त्याची बहीण. मी परत वाचलं. जागा मला मिळायची असती तर लिहून देणार तो असता, आन् घेणार मी. खाली गट नंबर होता, तोच रोडचा तुकडा. पूर्वीच्या हक्कसोडीत हा गट लिहायचा राहून गेला होता, सबब आज राजीखुशीनं सोडून देत आहे.

माझ्या कानात गरम हवा भरली. सहा वर्षं त्या तुकड्यावर माझं नाव होतंच! मी ज्या दोन गुंठ्यांसाठी ह्याच्यापुढं पदर पसरला, ते माझेच होते. आन् हा मला माझी जागा देतो देतो म्हणून तीच काढून घेऊन राह्यला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

"सोमा," मी म्हणलं, "हे माझे कागद न्हाईत."

"आक्का, ऐक. त्या जागेला पेट्रोल पंपवाले विचारून राह्यले. पंप झाला की तुला पंपाच्या बाजूला देतो ना जागा. हवा भरायचं तूच बघ."

"हवा भरू? माझ्या जमिनीवर मी तुझ्या पंपाची हवा भरू?"

"आवाज कमी कर. रोडला लोकं बघून राह्यलेत."

"बघू दे! सहा वर्षांपूर्वी कोणी बघायला नव्हतं, तवा बराबर झालं होतं ना तुझं?"

त्याचा चेहरा बदलला. कडेवर असताना हट्ट करायचा, तसाच झाला. त्यानं भिंतीला लावलेल्या जुन्या टायरकडं बोट केलं. "सही न्हाई ना करायची? मंग मला तुझे नवे टायर बी नकोत. बसव ते जुने. आत्ताच बसव. त्यावरच जातो घाटात. काही झालं तर मायला तू सांग, की दोन गुंठ्यांपायी घालवला."

त्याला माहीत होतं कुठं दाबायचं. तो खरंच गेला असता. लहानपणी माझ्यावर रुसून विहिरीच्या काठावर जाऊन बसायचा, आन् मी माझ्या हातची भाकर देऊन त्याला उठवायचे. आयुष्यभर मी भाकरच देत आले. एक सही, आन् हा नव्या टायरवर नीट जाईल, नीट येईल, राखीला दार उघडं राहील. पेन मशीनवरच पडला होता. मी तो उचलला बी.

मंग मी तो खाली ठेवला आन् भिंतीची सुरी काढली.

सोमा मागं सरकला. मूर्खाला वाटलं त्याच्यावरच चालले. मी मागचा जुना टायर आडवा पाडला, त्याच्यावर पाय दिला आन् बाजू चिरली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मंग पुढचा. रबर चिरताना किर्र आवाज होतो, दात आंबतात. घामानं माझा चष्मा घसरला.

"घे," मी म्हणलं. "आता बसव जुने. माझ्या दुकानातून बाद टायर कोणाच्या गाडीला परत लागत न्हाई. तुझ्या तर न्हाईच न्हाई."

तो काहीतरी ओरडला, मी ऐकलं न्हाई. मी नवे टायर बसवले. बाण बघितला, बॅलन्स केला, आसाचे नट मापाच्या पान्यानं आवळले, पुढं किती हवा, मागं किती, सगळं स्टिकर बघून. एक बी काम कमी केलं न्हाई. तो बाहेर उन्हात उभा राहून फोनवर बोलत होता. गाडी खाली उतरवून मी म्हणलं, "नवे टायर गुळगुळीत असतात. पहिले दीडशे किलोमीटर हळू जा."

त्यानं कागद खिशात घातले. टायरचा एक पैसा न देता गाडीवर बसला आन् म्हणाला, "राखीला येऊ नको. तुला आता माहेर न्हाई."

तो घाटातून नीट आला. मायचा फोन आल्ता, गोपिकाबाईचा, राखीच्या आदल्या दिवशी. मला वाटलं ये म्हणंल.

"वंदे, सही करून टाक बाई," माय म्हणाली. "तो जेवत न्हाई रागानं. जागा काय तू उरावर घेऊन जाणार हाईस?"

"माय, तुझ्या भावांना तू केली होती का सही?"

"मला कुठं सही येती? अंगठा दिला की."

"वाचून दाखवलं होतं का कोणी?"

माय म्हणाली, "पाऊस कसा हाय तिकडं?"

दिवाळीआधी आम्ही दुकान हलवलं. सातबाऱ्यावर माझं नाव आहे, मी बाभळी तोडल्या आन् पत्र्याचं शेड टाकलं, केदारखेड्याच्या रोडला, माहेरच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. सोमानं वकील लावलाय, तारखा पडून राह्यल्या. कंप्रेसरवर मी खडूनं लिहिलंय, हवा फुकट. गावातली पोरंसोरं सायकली घेऊन येतात. माय शेडासमोरून देवळाला जाती, पदर तोंडावर ओढून.

सोमाची गाडी रोज जाती. मी चाकंच बघते. टायर झकास आहेत, बराबर मधी बी झिजले आन् बाजूला बी. पण महिना झाला, मागच्यात हवा कमी आहे, रोडवर टेकतो तिथं पोट सुटलेलं दिसतंय. परवा न राहवून मी रोडवर जाऊन उभी राह्यले आन् ओरडले, "सोमा, मागं हवा भर!"

त्यानं ऐकलं. मला माहीत आहे ऐकलं, कारण काल टायर बराबर फुगलेला होता. हवा भरायला तो भोकरदनला गेल्ता.