सांध्यातला धूर

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. हल्ली एका शेडमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी असते. माझा रंग उडालाय आणि एका टायरमधली हवा पार गेली आहे.

मला पहिल्यांदा विकत घेतलं ते वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरानं. मागच्या सीटवर व्हायोलिनं ठेवून तो मला इतकं जपून चालवायचा, की मागचे लोक वैतागून हॉर्न वाजवायचे. पुढे त्याची नजर अधू झाली आणि माझी किल्ली मुलाकडे गेली.

मुलाचाही माझ्यावर जीव होता. फक्त मी गुरगुरावं अशी त्याची हौस. त्यानं माझा सायलेन्सर काढून जाड नळी बसवून घेतली. आवाज ऐकून म्हातारा दारात आला.

"अरे, गाडी आणलीस की पिठाची गिरणी?"

सगळे हसले. पण त्या नळीचा एक सांधा नीट बसलाच नव्हता.

माझ्या धुराच्या नळीत एक छोटासा ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात प्राणवायू किती उरलाय हे तो हुंगतो आणि त्यावरून इंजिनला पेट्रोल कमी-जास्त मिळतं. सांध्यातून बाहेरची हवा शिरू लागली, त्याचा अंदाज चुकला आणि मी नको तेवढं पेट्रोल पिऊ लागले. चालकासमोरचा पिवळा दिवा लागला.

गॅरेजवाल्या बाईंनी मला वर उचलून खालून पाहिलं.

"सेन्सर काजळलाय, तो बदलते. पण दादा, सांधा गळतोय. तो जोडल्याशिवाय गाडी नेऊ नका."

"आज नको हो. बाबांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचंय. परवा नक्की आणतो."

नवा सेन्सर बसला, दिवा विझला. मुलाचा जीव भांड्यात पडला.

दवाखान्याबाहेर कडाक्याची थंडी होती. "बाबा, आत गर्दी आहे. तुम्ही बसा, हीटर चालू ठेवतो. काचा उघडू नका हं."

"जा तू. मी जरा डोळे मिटतो."

मी जागच्या जागी धडधडत राहिले. सांध्यातून गळणारा माझाच धूर माझ्याच गंजक्या तळातून आत शिरत होता. त्यातल्या विषारी वायूला ना रंग, ना वास. माझ्याकडे हॉर्न होता, पण तो वाजवायला माणसाचा हात लागतो. म्हाताऱ्याची मान हळूहळू खिडकीकडे कलली.

"बाबा, नंबर आला. उठा ना. बाबा!"

डॉक्टर धावत आले. उपयोग झाला नाही.

काही दिवसांनी मुलानं मला ओढून पुन्हा त्याच गॅरेजात नेलं.

"सांधा जोडून द्या."

बाईंनी विचारलं, "आता चालवणार आहात?"

"नाही. विकणारही नाही. पण चुकून कुणी बसलंच, तर..."

मित्रांनो, दिवा विझला म्हणजे दुखणं गेलं असं समजू नका. गाडीत बसल्यावर डोकं जड झालं, डोळ्यांवर झापड आली, तर लाजू नका. काच उघडा, ओरडा, खाली उतरा. आणि कुणी मोठं माणूस "परवा बघू" म्हणालं, तर त्याचा हात धरून "आजच" म्हणा.

मुलगा अधूनमधून शेडमध्ये येतो. माझी चारही दारं सताड उघडतो आणि बाहेरच उभा राहतो.