सात वाजून सहा मिनिटं

माझी बायको शालन म्हणते की देवानं मला नाक दिलंय ते फक्त वाकडं करायला. असेल. पण बेळगाव ते निपाणी हा रस्ता रोज संध्याकाळी बसनं करून दाखवावा तिनं, मग बोलावं. माझ्या शेजारी नेहमी तोच माणूस येऊन बसतो. म्हणजे माणूस रोज वेगळा असतो, पण गालात तोबरा तोच, आणि माझ्या मांडीवरून वाकून खिडकीबाहेर थुंकायची सवयही तीच. त्यातले चार थेंब वाऱ्यानं उलटे आत येतात. मागच्या सीटवर कुणीतरी उकडलेलं अंडं सोलतो. पुढची बाई चप्पल काढून पाय वर घेते. आणि तवंदी घाट लागला की कुणाला ना कुणाला तरी उलटी होतेच. मी रुमाल नाकाशी धरून बसतो. या रुमालाला शालननं 'कुंथुनाथांचा पडदा' असं नाव ठेवलंय.

कुंथुनाथ म्हणजे मी. बेळगावात एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. वय एकोणपन्नास. निपाणीत घर, घरात आई, शालन आणि बारावी झालेली मुलगी दीप्ती. नोकरी कोल्हापुरातून बेळगावला आली त्याला आठ वर्षं झाली. बेळगावात खोली घेऊन राहा, असं सगळ्यांनी सांगितलं. मी नाही राहिलो. दुसऱ्याच्या संडासाला जाणं मला जमत नाही, हे एक कारण. दुसरं कारण आई.

आईचं नाव मालुबाई. वय अठ्ठ्याहत्तर. लग्न होऊन या घरात आली त्या वर्षी तिनं मुनिमहाराजांसमोर नियम घेतला, दिवस मावळल्यावर अन्न तोंडात घालायचं नाही. आम्हा जैनांत हे नवं नाही, पण पाळणारे थोडे. शास्त्राप्रमाणं तर सूर्यास्ताच्या दोन घटका आधीच ताटावरून उठायचं, आणि आई तसंच उठायची. पुढं मी बेळगावला जायला लागलो आणि त्या दोन घटका गेल्या. हिवाळ्यात सहालाच अंधारतं, तेव्हा काही इलाज नाही. ती आधी जेवते आणि मी ऑफिस सुटल्यावर, सगळे गेले की टेबल दोनदा ओल्या फडक्यानं पुसून डबा खातो. पण उन्हाळ्यात दिवस लांबतो. पाच पाचची बस धरली तर मी पावणेसातच्या आसपास निपाणी स्टँडवर उतरतो, तिथून पळत घर गाठतो. आई ताटं मांडून बसलेली असते. आम्ही दोघं समोरासमोर बसतो, तव्यावरची गरम भाकरी, खोबऱ्याची चटणी, आमटी. दिवसभरात मला किळस न येणारी ही एवढीच सात-आठ मिनिटं. खोटं कशाला सांगू, त्या भाकरीसाठी मी जगतो.

या सात-आठ मिनिटांवर भिंतीवरच्या कॅलेंडरचा पहारा असतो. तारखेखाली सूर्यास्ताची वेळ छापलेली असते. मी घरात शिरलो की आधी घड्याळ बघतो, मग कॅलेंडर, मग हातपाय धुतो. आठ वर्षांत एकदाही चुकलो नाही. ऑफिसात चहाला थांबलो नाही, मित्राच्या लग्नाच्या रिसेप्शनला गेलो नाही, एकदा तर कंडक्टरशी भांडून बस स्टँडबाहेरच थांबवायला लावली. आईचा नियम माझ्यामुळं टिकलाय, हे मी ऑफिसात सांगायचो. घरीही सांगायचो. शालन तोंड फिरवून भांडी विसळायची.

हे कॅलेंडर मीच आणलेलं. आधी त्या खिळ्यावर बस्तीतून, म्हणजे आमच्या मंदिरातून मिळालेलं कानडी कॅलेंडर असायचं. आईला कानडी मराठीइतकंच येतं. पण ज्या वर्षी मी बेळगावला लागलो त्या वर्षी पाट्यांवरून कसलासा वाद पेटला होता आणि माझं डोकं तापलेलं होतं. घरी येऊन मी ते कॅलेंडर काढलं, रद्दीत टाकलं आणि बाजारातून ठसठशीत मराठी कॅलेंडर आणून लावलं. कानडी कॅलेंडरवाल्यांचं माझ्यावाचून काही अडलं नाही. मला मात्र फार मोठं काम केल्यासारखं वाटलं होतं.

आईशी माझं एकाच गोष्टीवरून वाकडं होतं. पगार झाला की मी खडेबाजारातून कुंदा आणतो. बेळगावचा तो खव्याचा कुंदा आईला जीव की प्राण होता. माझ्या लहानपणी बाबा आणायचे तेव्हा ती आमच्यातला चमचाभर चोरून खायची. आणि मी बेळगावहून आणायला लागलो तर हिनं गोड सोडलं. साखर नाही, गूळ नाही, चहासुद्धा फिका. विचारलं तर म्हणायची, नको वाटतंय. डॉक्टरांनी तपासलं, साखरेचा आजार नव्हता. आठ वर्षं मी पुडा आणतोय आणि ती हात न लावता दीप्तीकडं सरकवतेय. माझ्या हातचं तिला चालत नाही, असं मी उघड बोलून दाखवलं. म्हातारपणी माणसं विचित्र होतात, असंही म्हणालो. एकदा रागानं सबंध पुडा गटारात फेकला होता.

मेमधल्या दुसऱ्या शनिवारी सुट्टी होती. सुट्टीच्या दिवशी आई सहालाच जेवून घेते, कॅलेंडरकडं बघतही नाही, आणि आम्हीही तिच्याबरोबर उरकतो. त्या दिवशी जेवणं झाल्यावर शालननं मला गच्चीवर वाळत घातलेले पापड काढायला पाठवलं. पापडांवर कावळ्यानं घाण केली होती. तेवढे चार पापड चिमटीत धरून मी कठड्याशी गेलो आणि समोर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. सूर्य अर्धा गेला होता. बघता बघता उरलेलाही गेला. मी सवयीनं मोबाईल पाहिला. सहा वाजून छप्पन्न मिनिटं.

कॅलेंडरवर सात वाजून सहा मिनिटं होती. मी रोज तोंडपाठ करून निघायचो, चूक होणं शक्यच नव्हतं. डोंगराआड गेला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग मोबाईलमध्ये निपाणी घालून बघितलं. छप्पन्न.

खाली येऊन शालनचा चष्मा लावला आणि कॅलेंडर पहिल्या पानापासून वाचलं. अगदी तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळा मुंबईच्या आहेत. मुंबईत सूर्य आमच्यापेक्षा उशिरा मावळतो. थंडीत हा फरक जेमतेम असतो, पण ऐन उन्हाळ्यात, ज्या महिन्यांत आम्ही एकत्र जेवायचो नेमक्या त्याच महिन्यांत, चांगली दहा मिनिटं. बस्तीच्या कानडी कॅलेंडरात वेळा इथल्या होत्या. मी पावणेसातला उतरायचो, सातला ताटावर बसायचो. म्हणजे आईच्या तोंडात पहिला घास जायचा तेव्हा दिवस मावळलेला असायचा. एक दिवस नाही, आठ उन्हाळे. चाळीस-पन्नास वर्षं सांभाळलेला नियम मी पळत पळत येऊन रोज मोडला होता, आणि वर मिरवलाही होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. बसमधल्या थुंकीची येते तशी किळस मला माझी आली. रविवारभर मी आईच्या समोर गेलो नाही. सांगावं तर तिचं आयुष्यभराचं पुण्य मातीत गेलं म्हणून सांगायचं, न सांगावं तर उद्या पुन्हा ताटावर बसायचं. सोमवारी ऑफिसातून निघताना खडेबाजारात जाऊन पावशेर कुंदा घेतला. पगार व्हायचा होता. ती खाणार नाही हे माहीत होतं, पण रिकाम्या हातानं कबुली द्यायची हिंमत नव्हती.

घरी पोचलो तेव्हा सात वाजायला दोन मिनिटं कमी होती. ताटं मांडलेली होती. आई बसलेली होती, भाकरीची वाफ निघत होती. मी हातपाय धुतले, पाटावर बसलो आणि ताट पुढं सारलं.

आईला म्हणालो की जेवू नकोस, दिवस मावळलाय. मग सगळं सांगितलं. मुंबईच्या वेळा, बस्तीचं कॅलेंडर, दहा मिनिटं. शालन चुलीपाशी थांबली. आईनं ऐकून घेतलं आणि भाकरी झाकून ठेवली.

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

"काय ठावं हाय?"

"दिस कवा मावळतोय ते. समोरच्या भिंतीवरचं ऊन गेलं की गेला. त्याला कॅलेंडर कशाला लागतंय रं?"

मग इतकी वर्षं जेवत का होतीस, असं मी विचारलं, आणि ते विचारतानाही मी जरा चढ्याच आवाजात विचारलं.

तिनं सांगितलं ते मी साफ विसरलो होतो. बेळगावची नोकरी लागल्यावर पहिल्या दिवशी ती नेहमीप्रमाणं सहाला जेवली होती आणि माझं ताट झाकून ठेवलं होतं. मी आलो, तिचं धुतलेलं ताट पाहिलं, आणि मग मी कुणासाठी जीव तोडून पळत येतो, असं म्हणून पाटावरून उठलो. दुसऱ्या दिवशीही उठलो. बसमध्ये खाऊन घेत जा म्हणून शालननं डबा भरून दिला, तो मी तसाच परत आणला. त्या घाणीत घास उतरत नाही, म्हणालो. तिसऱ्या दिवशी आई माझ्यासाठी थांबली. त्याच आठवड्यात मी ते नवं कॅलेंडर लावलं, वेळेवर बोट ठेवलं आणि म्हणालो, बघ आई, अजून आठ मिनिटं आहेत.

"तू एवढं हसून सांगितलंस," आई म्हणाली. "बेळगावला लागल्यापास्नं तीन दिवस तुझ्या तोंडावर हसू नव्हतं. म्हटलं ऱ्हाऊ दे."

"आणि नियम?"

"स्तवनिधीच्या बस्तीत महाराज आलते. त्यास्नी सांगितलं. ल्योक उपाशी झोपतोय, काय करू म्हणून. ते म्हणाले, चुकताय हे ठाऊक असूनच चुकताय, तर प्रायश्चित्त घ्या. सगळ्यात आवडीचं काय हाय ते सोडा, हे चाललंय तवर."

कुंद्याचा पुडा अजून माझ्या मांडीवर होता. मी शालनकडं पाहिलं. तिला माहीत होतं. दीप्तीलाही माहीत असावं, कारण ती दारात उभी होती आणि माझ्याकडं न बघता पुड्याकडं बघत होती. घरात एकट्या मलाच माहीत नव्हतं. गटारात पुडा फेकला त्या दिवशी या तिघींना काय वाटलं असेल, हा विचार आला आणि मी मान खाली घातली. त्या रात्री कुणीच जेवलं नाही. आई म्हणाली, एक दिवस उपास घडला, बरं झालं.

दुसऱ्या दिवशी मी शालनला दुसरा डबा भरायला सांगितला. तिनं कपाळाला आठ्या घातल्या, पण भरला. पाच पाचची बस धरली. शेजारी तोच माणूस येऊन बसला, गालात तोच तोबरा. हत्तरगीच्या पुढं रस्त्याच्या कामाची धूळ आत येत होती. पुढच्या बाईचे पाय वर होते, आणि आज उलटी घाटापर्यंतही थांबली नाही, मागच्या सीटवर कुणाला तरी आधीच झाली. बरोबर सहाला फोन वाजला. शालनच्या मोबाईलवरून आई बोलत होती.

"ताटावर बसल्याव आम्ही. तू उघडलास का डबा?"

मी रुमाल खिशात घातला आणि डबा मांडीवर घेतला. झाकण काढल्याबरोबर चटणीचा वास आला आणि त्याच्या मागोमाग बाकीचे सगळे वास आले. भाकरी गार होती, वातड झाली होती. शेजारचा माझ्यावरून वाकला आणि खिडकीबाहेर थुंकला. मी डब्यावर हात धरला. घास तोंडात घातला, तो कितीतरी वेळ तोंडातच फिरत राहिला. मग गिळला.

"खातोयस न्हवं?"

"खातोय."

मी विचारलं की कुंदा काढलास का. आता चालेल ना, उशिरा जेवणं तर संपलं.

"ठेवलाय पोरीनं फ्रिजमदी," ती म्हणाली. "पर आज न्हाय. तुजी सवय मला ठावं हाय. चार दिस खाऊन दाखव, मग बघू."

कुंदा चार दिवस टिकतो का, हे मला माहीत नव्हतं. फोन कानाशी तसाच धरून मी दुसरा घास मोडला.